लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी: २१ कसोट्यांपलीकडचा माणूस

सचिनला हवाई दलाने २०१० साली मानद ग्रुप कॅप्टन केलं, पुढच्या वर्षी धोनी प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल झाला. दोघांचे गणवेशातले फोटो आपण मनापासून शेअर केले आणि त्यात गैर काहीच नाही. पण ज्यांनी लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा नोकरी करून मिळवला आणि त्याच काळात भारताचं कसोटी कर्णधारपदही भूषवलं, त्या हेमू अधिकारींचं नाव आज पुण्यात किती जणांना माहीत आहे? त्यांचा जन्म पुण्याचा, १९१९ सालचा. मला ही गोष्ट फार लागते, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

रणजी करंडक स्पर्धेत ते सतराव्या-अठराव्या वर्षीच उतरले होते. कसोटी पदार्पण मात्र थेट १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, ब्रिस्बेनला, वयाच्या २८ व्या वर्षी. मधली ऐन उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली. त्यानंतरही लष्कराच्या जबाबदाऱ्यांमुळे संघात ये-जा चालूच राहिली. एकूण २१ कसोट्या, ८७२ धावा, एक शतक. नुसते आकडे बघणारा म्हणेल, बरा फलंदाज होता. मला हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या धावा कधी आल्या ते बघा.

त्याच दौऱ्यात ॲडलेडला विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, हे आपल्याला पाठ असतं. त्यातल्या दुसऱ्या डावात समोरून विकेट पडत असताना हजारेंबरोबर १३२ धावांची भागीदारी केली ती अधिकारींनी. १९५२ साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध पहिलीवहिली कसोटी. भारत ९ बाद २६३. शेवटचा गडी गुलाम अहमद मैदानात आला. अशा वेळी बरेच फलंदाज चार फटके मारून मोकळे होतात. या जोडीने १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमदांच्या ५० झाल्या, अधिकारी ८१ वर नाबाद. भारत एक डाव आणि ७० धावांनी जिंकला. विनू मांकडांचे १३ बळी सगळ्यांच्या लक्षात राहिले, आणि राहायलाच हवेत. पण दहाव्या विकेटचा हा भारतीय विक्रम २००४ मध्ये सचिन आणि झहीरने मोडेपर्यंत ५२ वर्षं टिकला, हेही सांगितलं पाहिजे.

मग १९५९. वेस्ट इंडीजच्या हॉल-गिलख्रिस्ट या वेगवान जोडीने आपल्याला पार हैराण केलेलं आणि क्रिकेट मंडळात नुसता गोंधळ. एकाच मालिकेत उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड असे कर्णधार बदलून झाले. दिल्लीच्या पाचव्या कसोटीसाठी चौथा कर्णधार म्हणून अधिकारींना बोलावलं. वय ३९. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, वर लेगस्पिन टाकून तीन बळी घेतले. चंदू बोर्डेंचे १०९ आणि ९६ याच सामन्यातले. कसोटी अनिर्णित राहिली आणि अधिकारींची कसोटी कारकीर्दही तिथेच संपली. कर्णधार म्हणून ही त्यांची एकमेव कसोटी.

माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण याच्याही पुढचं आहे. ते स्वतः कव्हर्समधले नावाजलेले क्षेत्ररक्षक. आपल्याकडे फिल्डिंग म्हणजे बॅटिंग-बोलिंगच्या मधला वेळ, असं मानलं जायचं, त्या काळात या माणसाने तंदुरुस्ती आणि कॅचिंगवर हट्टाने भर दिला. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर वाडेकर कर्णधार आणि अधिकारी मॅनेजर. ओव्हलवर इंग्लंड १०१ मध्ये गारद झालं. फिरकीपटू चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी हे त्याचं पहिलं कारण, यात वादच नाही. पण वेंकटराघवनच्या चेंडूवर एकनाथ सोलकरने शॉर्ट लेगवरून पुढे झेप घेत जमिनीलगत टिपलेला ॲलन नॉटचा झेल आठवा. असे झेल ऐन वेळी सुचत नाहीत, त्यामागे तासन्‌तासांची प्रॅक्टिस असते. आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकलो आणि मालिकाही.

१९७४ ला लॉर्ड्सवर ४२ मध्ये सगळे बाद झालो, तेव्हाही मॅनेजर तेच होते. ३-० ने हरलो. ते लपवायचं कारण नाही. पण त्यानंतरही त्यांनी मैदान सोडलं नाही, पुढच्या पिढीची शिबिरं घेत राहिले. २००३ मध्ये मुंबईत ते गेले.

त्यांच्या शिबिरात घाम गाळलेलं, त्यांचा ओरडा खाल्लेलं कुणी ही पोस्ट वाचत असेल, तर कृपया खाली लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील.