पुस्तक परत करा, भाऊ

पोळा होऊन चारेक दिवस झाले असतील. दुपारच्या वेळी कॉलेजच्या लायब्ररीत, काउंटरसमोर चाळिशीचा एक माणूस येऊन उभा राहिला. विद्यार्थी तर नव्हताच, कोणाचा पालकही वाटेना. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मॅडम, हे पाहा बरं. महिना झाला, रोज मले मेल येऊन राह्यली का पुस्तक परत करा. म्या कॉलेज सोडून वीस वर्सं झाले जी. आन् तवाबी म्या पुस्तक नेलंच नोतं."

पाहिलं तर खरंच. आमच्याच लायब्ररीची मेल, खाली माझंच पद, ग्रंथपाल. वर नाव मात्र बीए दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचं.

या भाऊंचं बसस्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात प्रवेशाचा फॉर्म, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, सगळं तिथंच होतं. जूनमध्ये पोरं रांगेनं येतात. फॉर्मवर ईमेलचा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. पोराकडे ईमेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नाही. मागे वीसजण उभे. भाऊ आपलाच पत्ता टाकून मोकळे होतात. ती यादी कॉलेजच्या ऑफिसात येते, तिथून पेन ड्राइव्हवर माझ्याकडे, आणि मी डोळे झाकून ती कोहामध्ये, म्हणजे लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवलेली. संध्याकाळी बसून मोजलं, तर शंभराच्या वर मुलांचा ईमेल एकच. भाऊंचा.

माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही. कोहा आम्ही मोठ्या हौसेनं बसवलं होतं. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि माओरी भाषेत 'कोहा' म्हणजेच भेट. तारीख उलटली की ते आपणहून मेल पाठवतं. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या समितीपुढे मी हे छाती फुगवून सांगितलं होतं. "ऑटोमेटेड रिमाइंडर." समितीनं मान डोलावली. मेल कोणाला जाते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही पाहिलं नाही.

आता खरी गंमत. आमचे परिचर काका (लायब्ररीत माझ्याही आधीपासून आहेत, कोणतं पुस्तक कोणत्या घोड्यावर चढून काढायचं ते झोपेतही सांगतील) दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पण मॅडम, यावर्षी पुस्तकं तं टायमावर येऊन राह्यले." रजिस्टर पाहिलं. बरोबर होतं. पत्ता चुकीचा, तरी पुस्तकं परत येत होती.

कारण भाऊ. पोरगं दुकानात झेरॉक्सला आलं की भाऊ म्हणायचे, "अबे, तुयं पुस्तक मागून राह्यले लायब्ररीवाले. दंड लागन ना." पोरगं दुसऱ्या दिवशी पुस्तक आणून टाकायचं. जे काम माझ्या तीन वर्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपनं केलं नाही, ते चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या मेलनं केलं.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. आम्ही कॉलेजवाले 'कळवलं' आणि 'कळलं' यात फरकच करत नाही. ग्रुपवर टाकलं की कळवलं. कोणी विचारलं तर स्क्रीनशॉट तयार. पोराला कळलं की नाही, तो त्याचा प्रश्न.

ज्यांच्या नावानं आमचं विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा कीर्तनात सारखे प्रश्न विचारायचे. समोरच्यांच्या तोंडून उत्तर आल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. खराटा घेऊन गावोगाव फिरलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला एवढं पक्कं ठाऊक होतं की आपण बोललो म्हणजे लोकांना पोचलं असं नसतं. आणि आम्ही, नेट-सेट होऊन, पीडीएफ टाकतो.

आणि कसली पीडीएफ! परिपत्रकाचा मोबाईलनं काढलेला तिरपा फोटो, त्याचा स्क्रीनशॉट, त्याची पीडीएफ. रात्री अकराला. खाली चार जणांचे अंगठे, दोन वाढदिवस, एक गुड मॉर्निंग. सकाळी सातच्या बसनं निघणारी पोरगी ते कधी पाहणार? फोन घरात एकच, तो दिवसभर बापाजवळ वावरात. रात्री हातात येतो तेव्हा दीड जीबीतलं काय उरलं असेल तेवढंच.

मुलींचं आणखी वेगळं. ग्रुपमध्ये गेलं की नंबर सगळ्यांना दिसतो. मागच्या वर्षी बीएससीच्या एका मुलीनं लायब्ररीचा ग्रुप सोडला. मी रागावले. तिनं बाजूला येऊन हळूच सांगितलं, रात्री अनोळखी नंबरवरून फोन येतात, घरी कळलं तर कॉलेज बंद होईल. मी रागावले होते याची आजही लाज वाटते. त्या दिवशी मी ग्रुप बंद केला.

मग ब्रॉडकास्ट लिस्ट करून पाहिली. तिची एक खोच नंतर कळली. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप जातो. लायब्ररीवाल्या मॅडमचा नंबर कोण सेव्ह करतो? ज्याला पुस्तक हवं असतं तो. म्हणजे ज्यांना आधीच माहीत असायचं त्यांनाच पुन्हा कळत होतं. आता चॅनल काढलं आहे. त्यात एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, उलट मेसेज येत नाहीत आणि वाढदिवसही होत नाहीत. उत्तर मात्र येत नाही, हा त्याचा तोटा. गाडगेबाबांच्या हिशेबानं अर्धंच काम.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पत्ते दुरुस्त करण्यात. भाऊंमुळे पुस्तकं आली हे खरं, पण शंभर पोरांच्या चाव्या एका दुकानदाराच्या जुडग्यात राहणं बरं नाही. भाऊ सज्जन आहेत, उद्या दुसरा कोणी असेल. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा पासवर्ड, सगळं त्या एका मेलबॉक्सात. म्हणून ठरवलं, रोज दहा मुलांना लायब्ररीत बसवून त्यांचा स्वतःचा ईमेल काढून द्यायचा.

सोपं वाटलं होतं. ईमेल काढायला ओटीपी लागतो, ओटीपी फोनवर येतो, फोन बापाजवळ. पहिल्याच दिवशी एका मुलीनं माझ्या फोनवरून बापाला फोन लावला. मी स्पीकरवर ऐकत होते. मागे पंपाचा आवाज.

"बाबा, तुमच्या फोनवर एक नंबर आला आसन, सांगजा बरं."

"कायचा नंबर?"

"ओटीपी, बाबा."

"ओटीपी कोनालेच सांगू नोको म्हन्ते ना वं टीव्हीवर?"

"पन मी आहो ना, बाबा!"

"तू आहे हे मले कसं समजन? हा फोन कोनाचा होय?"

मग मी बोलले. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, मी कोणाची सून तेही विचारलं. तोवर ओटीपीची वेळ संपली. पण तो बाप चुकला असं मी म्हणणार नाही. बँकेनं, पोलिसांनी, टीव्हीनं त्याला जे शिकवलं ते त्यानं पाळलं. त्याच्यापर्यंत निरोप पोचलेला होता, आमच्यापेक्षा चांगला. बाजाराच्या दिवशी तो स्वतः आला, फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "घ्या, आता काढा काय काढाचं ते." पोरीचा ईमेल होईस्तोवर पेपरच्या स्टँडजवळ उभा राहून कापसाचे भाव वाचत होता.

एवढा खटाटोप कशासाठी, असं आमच्याच एका प्राध्यापकांनी विचारलं. तर एन-लिस्टसाठी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठ-कॉलेजांच्या लायब्रऱ्या जोडणाऱ्या केंद्राची, ही योजना. कॉलेजनं वर्षाची वर्गणी भरायची, अनुदानित कॉलेज म्हणून आम्ही जीएसटी धरून ५,९०० रुपये भरत आलो आहोत. त्यात ६,००० च्या वर जर्नल्स (संशोधनाची नियतकालिकं) आणि ढीगभर ई-पुस्तकं. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळं लॉगिन, घरी बसूनही चालतं. पण ते लॉगिन जातं कुठे? ईमेलवर. म्हणजे इतके दिवस शंभर पोरांची जर्नल्स झेरॉक्सच्या दुकानात पडून होती, आणि मी दरवर्षी अहवालात 'नोंदणीकृत वापरकर्ते' म्हणून त्यांचा आकडा लिहीत होते.

बीएच्या पोराला त्या इंग्रजी जर्नल्सचा फार उपयोग आहे असं मी म्हणणार नाही. उगाच कशाला. त्याला हवे असतात मागच्या पाच वर्षांचे पेपर, नवा सिलॅबस, पोलीस भरतीचं पुस्तक. एमएच्या मुलांना मात्र शोधगंगा दाखवली की डोळे उघडतात. आपल्याच विदर्भातल्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध, मराठीतलेही, फुकट वाचता येतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, तेही नाही. खरगपूर आयआयटीनं उभी केलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे, तेही नाही. उलट केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेची बातमी पेपरात आली तेव्हा चार मुलं धावत आली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, सगळ्यांना जर्नल्स! त्यांना सांगावं लागलं की बाबांनो, पहिल्या टप्प्यात सरकार चालवतं ती कॉलेजं आहेत, आपलं संस्थेचं आहे. पोरांचे चेहरे उतरले. पण बातमी वाचून धावत आली, हे मला आवडलं.

आणखी एक गोष्ट मी बदलली, तिला पैसा लागला नाही. भाषा. गेल्या वर्षीची माझी नोटीस अशी होती: "सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, ग्रंथालयीन देयके निरंक असल्याशिवाय परीक्षा आवेदनपत्र स्वीकारले जाणार नाही." एका मुलानं काकांना विचारलं, "निरंक म्हणजे कोन सर होय?" तो निरंक सरांची सही घ्यायला आला होता. हसू नका, त्यानं तासभर स्टाफरूममध्ये निरंक सर शोधले होते.

आता लिहिते: "पुस्तक परत करा, मग नो ड्यूजवर सही भेटेल. शेवटचा दिवस शनिवार. कार्ड आणा." बस. 'मिळेल' नाही, 'भेटेल'. मराठीच्या मॅडमना ते खटकतं. खटकू द्या.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आम्ही फोटोला हार घालतो. पाचही नियम काचेच्या फ्रेममध्ये काउंटरच्या मागे लटकलेले आहेत. चौथा नियम: वाचकाचा वेळ वाचवा. त्या फ्रेमखालीच आमच्या ओपॅकचा कॉम्प्युटर आहे. कोणतं पुस्तक आहे, कुठे आहे, ते त्यावर शोधायचं. पण जुनी नोंद रोमन लिपीत केलेली, आणि करणारे हात तीन. एकानं 'शेती'ला शेवटी एक अक्षर लावलं, दुसऱ्यानं दोन. पोरगं एका स्पेलिंगनं शोधतं, 'पुस्तक उपलब्ध नाही' वाचतं आणि चार वाजताची बस पकडायला निघून जातं. पुस्तक त्याच्यापासून दहा पावलांवर असतं. आता दिवाळीच्या सुट्टीत देवनागरीत नोंदी सुरू करणार आहोत. रोज पन्नास झाल्या तरी संपायला वर्षं लागतील.

पत्त्यांचं काम बहुतेक झालं. अकरा मुलं राहिली आहेत, कापूस वेचणीला गेलेली. ती आली की पाहू.

परवा भाऊ पुन्हा आले. मला वाटलं, अजून कोणाची मेल जाते आहे की काय. तसं नव्हतं. म्हणाले, "मॅडम, मेला बंद झाल्या. करमत नाई जी."

म्हणून नवीन पुस्तकांची यादी दर सोमवारी जाते, त्यात त्यांचा पत्ता ठेवला आहे. प्रिंट काढून दुकानाच्या काचेला लावतात, आधार कार्डाच्या फोटोच्या दराशेजारी. अजून प्रिंटचे पैसे घेतलेले नाहीत.