ट्रेनी घेता, मग शिकवा

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलांना कायम करावं की नाही, यावरून आमच्या सांगलीत घरोघरी वाद झडतात. २०२४ साली सुरू झालेली राज्य सरकारची ही योजना कार्यालयांत, कारखान्यांत काम करत शिकणाऱ्या पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये देते. आधी सहा महिन्यांची होती, नंतर अकरा महिन्यांची झाली. मुदत संपली आणि मुलं आंदोलनाला बसली. काही म्हणतात, प्रशिक्षण म्हणूनच घेतलं होतं, हक्क कसला? मुलं म्हणतात, राबवून घेतलंत, आता जायचं कुठं?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये बसून मला मुलांची तळमळ पटते, मागणी मात्र अपुरी वाटते. त्यांनी विचारायला हवं: या महिन्यांत आम्हाला शिकवलं कुणी?

इथं मोठ्या कंपन्या आणि सरकारही ग्रॅज्युएट स्कीम, म्हणजे नव्या पदवीधरांना नोकरीवर घेऊन शिकवायची योजना, चालवतात. शेवटच्या वर्षाचे वर्ग सुरू होताहोताच अर्ज भरायचे. ऑनलाइन चाचण्या, मुलाखत, मग दिवसभर गटात काम करून दाखवायचं. निवड झाली की साधारण दोन वर्षं वेगवेगळ्या विभागांत फिरवतात. कुठल्या विभागात काय शिकायचं आणि ते कोण बघणार, हे आधी ठरलेलं असतं. कित्येक ठिकाणी विषयाचीही अट नाही. इतिहास शिकलेली मुलगी खरेदी विभागात लागते. पण जागा थोड्या, अर्ज अफाट, त्यात परदेशी मुलांना व्हिसाची अडचण. अशी स्कीम मिळेलच असं धरून कुणी जमीन गहाण टाकून इकडे येऊ नये, हे कळकळीनं सांगते.

आपल्याकडे ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा, कायदा १९६१ चा आहे, आणि १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात पदवीधर इंजिनिअरही आले. म्हणजे चौकट जुनीच आहे. तरी कुपवाडच्या एका कारखान्यात माझ्या भाच्याला वर्षभर एकाच मशिनवर शिफ्टला उभं केलं आणि मुदत भरताच ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं. ड्रॉइंग वाचायला त्याला एका वयस्क ऑपरेटरनं शिकवलं, तेही स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत.

लहान कारखान्याला विभाग फिरवणं परवडत नाही, हे मालकांचं म्हणणं खोटं नाही. पण कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत फाउंड्री, मशिनशॉप, तपासणी सगळं जवळजवळ आहे. चार मालकांनी मिळून ट्रेनी घ्यावेत, सहा-सहा महिने आळीपाळीनं शिकवावेत, आणि कोणाला ठेवणार ते मुदतीच्या दोन महिने आधी लेखी कळवावं.