चालू स्थितीतला बेल्ट

काल मेहुण्याचा फोन आला. कसे आहात, काय चाललंय, काही नाही. थेट मुद्द्याला हात. "काय हो दाजी, चांगला चालणारा बेल्ट काढून टाकलात म्हणे?"

म्हणजे मामांनी घराण्यात अहवाल सादर केला होता.

गाडी माझी १६ वर्षांची. मीटरवर १ लाख ३८ हजार. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, टायमिंग बेल्ट १ लाख किलोमीटरला किंवा ५ वर्षांनी बदला, जे आधी येईल ते. आधीच्या मालकाने दिलेल्या कागदांत सीट कव्हरची पावती आहे, गाणी लावायच्या डबड्याची आहे, बेल्टची नाही. शेवटी मीच बाह्या सरसावल्या. चाक उतरवलं, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावला, एका बाजूचं माउंटिंग सोडवलं. क्रँक पुलीच्या बोल्टने दीड तास खाल्ला. त्या बोल्टविषयी मी सभ्य भाषेत काही लिहू शकत नाही.

नेमके तेव्हाच मामा आले. हे माझे मामेसासरे. सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली, पण ऑडिट त्यांच्यातून गेलेलं नाही. त्यांनी खुर्ची मागवली, माझ्या अवजारांपासून दोन हातांवर मांडली आणि चष्मा पुसला.

"जावईबापू, बेल्ट तुटला होता?"

"नाही मामा."

"चिरला होता? आवाज करत होता?"

"तो आवाज करत नाही. सरळ तुटतो."

"पण तुटला नव्हता."

मी पाना खाली ठेवला आणि समजावून सांगितलं. पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो क्रँकचा दांडा दोन फेऱ्या मारतो तेव्हा व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उघडणारा कॅमचा दांडा एक मारतो, आणि हा मेळ तो बेल्ट राखतो. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, पण पिस्टन वेगाच्या भरात वर येतच राहतात. माझ्या इंजिनात त्या वेळी उघडे असलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि वाकतात. मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

"आत्ता वाकलेत?"

"नाही. वाकू नयेत म्हणून तर..."

"बरं. म्हणजे संभाव्य नुकसान." हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं, की नुकसान मीच खिशात घालून पळतोय असं मला वाटलं. "आणि हे लोखंडी काय काढताय?"

"वॉटर पंप."

"गळत होता?"

"नाही. पण तो या बेल्टवरच फिरतो. उद्या गळला तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट नव्या बेल्टवर सांडणार आणि हा सगळा पसारा पुन्हा उघडावा लागणार. इथवर आलोच आहोत तर तोही बदलायचा."

मामा थोडा वेळ पंपाकडे बघत राहिले. "म्हणजे शेजारच्या टेबलावर बसला होता म्हणून त्यालाही घरी पाठवला."

यावर काय बोलणार? खरं तर माझाही राग पंपावर नव्हताच. पंप अशा जागी बसवणाऱ्यावर होता. ज्याने कागदावर हे इंजिन आखलं, त्याने मनगट कधी त्या फटीत घातलेलं नाही, हे मी लिहून देतो. माझं मनगट अजून सोललेलं आहे. आणि या कामाची गंमत म्हणजे ते नीट झालं तर काहीच दिसत नाही. गाडी पळत नाही, चमकत नाही, आवाजही तोच. सीट कव्हर बदललं असतं तर अख्ख्या घराने गाडीत बसून पाहिलं असतं.

मामांनी जुना बेल्ट मांडीवर घेतला, एकेक दात बोटाने चाचपला. "मलाही असाच काढला," ते म्हणाले. "मुदत झाली म्हणून. चालू स्थितीत होतो."

मी बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आवळत होतो. आवळतच राहिलो.

मग क्रँक आणि कॅमवरच्या खुणा जुळवल्या. क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा तिथेच येतात का ते बघायचं. मामा मोठ्याने मोजत होते. दीड फेऱ्याला ते "दोन" म्हणाले, मी घाबरून सगळं परत मोजलं. चूक त्यांची होती. ती अहवालात आलेली नाही.

संध्याकाळी आवराआवर करताना जुना पंप हातात आला. त्याचा दांडा हलवून पाहिला तर खडखडला! खालच्या बारीक भोकाजवळ वाळलेल्या कूलंटचा ओघळही होता. सील गळायला लागलं की कूलंट तिथूनच बाहेर येतं. मी काळ्या हातांनी तसाच आत धावलो. "मामा, हे बघा! हा गळायला लागला होता!"

मामांनी पंप न घेता, लांबूनच, चष्मा कपाळावर चढवून पाहिला.

"कारण पंप काढल्यानंतर सापडलं," ते म्हणाले. "निर्णय आधी झाला होता."

जाताना जुना बेल्ट त्यांनी पिशवीत घालून नेला. मेहुणा म्हणतो, त्यांनी तो कपाटात ठेवलाय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ताणून दाखवतात.