हातचं सोडून पळत्याच्या पाठी? चौथ्या डाउनवरचा एक लाडका समज

सप्टेंबर उजाडला, एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, मोसम सुरू झाला, की अमेरिकेतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत एक मजकूर हमखास फिरतो. दरवर्षी तोच, फक्त शिव्या खाणारा कोच नवा. मजकुराचा सारांश असा: गोलरेषा दोन-तीन यार्डांवर आहे आणि चौथा डाउन आलाय, तर शहाण्या माणसानं गुमान फील्ड गोल मारावा आणि तीन गुण घ्यावेत. टचडाउनच्या मोहात पडणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. खाली पाच कारणं दिलेली असतात. गेल्या खेपेला तो मजकूर मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, त्यातल्या एका काकांनी तर वर 'तुझ्यासाठी खास' असं लिहून. मी फिलाडेल्फियाच्या बाजूला राहतो, तिथल्या ईगल्स संघाचा माणूस आहे, तेव्हा चौथ्या डाउनला खेळणाऱ्यांकडे माझा कल आहे हे आधीच कबूल करतो. पण कल बाजूला ठेवूनही ती पाच कारणं टिकत नाहीत.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चौथाही फसला तर चेंडू जिथे असेल तिथूनच प्रतिस्पर्ध्याला मिळतो. गोलरेषा ओलांडली की टचडाउन, म्हणजे सहा गुण आणि वर एका गुणाची किक. खांबांमधून किक मारली तर फील्ड गोल, तीन गुण.

पहिलं कारण: 'तीन गुण खात्रीचे, सात म्हणजे जुगार.'

पहिला अर्धा भाग बरोबर आहे. चेंडू २ यार्डांवर असेल तर किक साधारण १९ यार्डांची पडते: दोन यार्ड ते, दहा एंड झोनचे (गोलरेषेमागचा पट्टा) आणि सात मागे चेंडू टेकवायला लागतात ते. व्यावसायिक किकर ती झोपेतही मारेल. पण जुगार म्हटला की शक्यता सांगावी लागते, आणि मजकूर ती सांगत नाही. बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी १९९८ ते २००० या तीन मोसमांचे सामने तपासून २००६ मध्ये जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीत एक निबंध छापला. २ यार्डांवरून टचडाउनची शक्यता त्यांच्या हिशोबात सातात तीन निघाली. सात गुण गुणिले सातात तीन, म्हणजे तीन. खात्रीच्या तिनाइतकेच. १ यार्डावर आलात तर शक्यता निम्म्याच्या वर जाते आणि पारडं टचडाउनकडे झुकतं. आमच्या ईगल्सनी तर क्वार्टरबॅकला (चेंडू हाती घेऊन चाल खेळवणारा खेळाडू) मागून ढकलत नेण्याची युक्ती इतकी पक्की बसवली, की २०२५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी ती नियमातूनच हद्दपार करण्याचा प्रस्ताव आणला. २४ मतं लागत होती, २२ पडली. जुगारावर बंदी आणायला कोणी इतकी धडपड करत नाही.

दुसरं कारण: 'फसलं तर हाती शून्य.'

मजकुराचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा कबड्डी असावी. चढाई फसली, पकडला गेलात, की समोरच्याला गुण. इथे तसं नाही. २ यार्डांवर तुमचा प्रयत्न फसला की चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो खरा, पण त्याच्या स्वतःच्या २ यार्डांवर. पाठ भिंतीला. समोर ९८ यार्ड. क्वार्टरबॅकला नीट मागे सरकून पास टाकायलाही धड जागा नाही, आणि स्वतःच्याच एंड झोनमध्ये आडवा झाला तर सेफ्टी, म्हणजे तुम्हाला दोन गुण आणि वर चेंडूही तुम्हालाच. बरेचदा तीन प्रयत्न करून तो पंट मारतो, म्हणजे चेंडू लाथेनं लांब उडवून देतो, आणि तुम्हाला मैदानाच्या मध्याजवळ चेंडू परत मिळतो.

आता तीन गुण घेतलेत तर काय होतं ते पाहा. गुण मिळवल्यावर किकऑफ तुम्हालाच करावा लागतो, म्हणजे चेंडू लाथ मारून प्रतिस्पर्ध्याकडे धाडावा लागतो. किक थेट एंड झोनमध्ये जाऊन टचबॅक झाला (चेंडू तिथेच मृत धरला गेला) की पूर्वी प्रतिस्पर्धी २० यार्डांवरून सुरू करायचा. २०१६ पासून २५ वरून, २०२४ च्या नव्या किकऑफनंतर ३० वरून, आणि २०२५ पासून ३५ वरून. म्हणजे तीन गुण घेण्याची छुपी किंमत गेल्या दहा वर्षांत नियम बदलणाऱ्यांनीच वाढवत नेली आहे, आणि मजकूर मात्र तोच फिरतोय.

रोमर यांनी ही जागेची किंमत गुणांत मोजली. गोलरेषेला पाठ लावून चेंडू मिळणं हे त्या संघाला साधारण उणे दीड गुणाचं, तर किकऑफनंतर चेंडू मिळणं अधिक अर्ध्या गुणाहून थोडं जास्त. हे दोन्ही धरून मांडणी केली तर २ यार्डांवरून टचडाउनची शक्यता १८ टक्के असली तरी दोन्ही पर्याय सारखेच ठरतात. प्रत्यक्षात ती शक्यता त्याच्या दुपटीहून जास्त होती. हल्लीचे हिशोब इतके टोकाचे येत नाहीत, पण काटा त्याच दिशेला झुकतो.

आकडे नकोत, सामना हवा? ७ फेब्रुवारी २०१०, मायामी, ४४वा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना. न्यू ऑर्लिन्स सेंट्स कोल्ट्सच्या विरुद्ध ३–१० असे मागे. पहिला अर्ध संपत आलेला, चौथा डाउन, १ यार्ड. कोच शॉन पेटन यांनी किक नाकारली. पिएर थॉमसला कोल्ट्सनी रेषेपाशीच अडवलं. मजकुराच्या हिशोबात शून्य. पण कोल्ट्सना चेंडू मिळाला कुठे, तर स्वतःच्या १ यार्डावर. त्यांच्याकडे पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक, तरी त्यांनी तीनदा नुसतं धावून घेतलं आणि पंट मारला. सेंट्सनी टाइमआउट वापरून घड्याळ रोखलं, चेंडू परत मिळवला आणि अर्ध संपता संपता गॅरेट हार्टलीनं ४४ यार्डांवरून फील्ड गोल मारला. १०–६. सोडलेले तीन गुण त्याच अर्धात परत आले. पुढे सेंट्स ३१–१७ जिंकले.

तिसरं कारण: 'फसलं की मनोबल खचतं.'

वरच्या सामन्यात फसलं त्यांचंच मनोबल दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीलाच आखूड किकऑफ मारून चेंडू पळवण्याइतकं शाबूत होतं. यापेक्षा जास्त शब्द या मुद्द्यावर खर्च करत नाही. खेळाडूंना कोचनं विश्वास दाखवला तर बरं वाटतं की नाही, हेही मग विचारावं लागेल.

चौथं कारण: 'या हट्टापायी मोठे सामने गेले.'

इथे मजकुराखाली यादी असते, आणि यादी खरी असते. म्हणून तर ती पटते.

यादीत सगळ्यात वर डेट्रॉइट लायन्स. २८ जानेवारी २०२४, एनएफसीचा (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामना, फोर्टीनायनर्सविरुद्ध. लायन्सचे कोच डॅन कॅम्पबेल यांनी दुसऱ्या अर्धात दोनदा फील्ड गोल सोडून चौथा डाउन खेळला, दोन्ही फसले, डेट्रॉइट ३४–३१ हरलं. तीन गुणांनी हरले आणि दोनदा तीन सोडले, म्हणजे गुन्हा सिद्ध! पण ते दोन प्रयत्न झाले कुठे? २८ आणि ३० यार्डांवर. तिथून किक ४५ यार्डांच्या पुढे जाते, ती खात्रीची नव्हेच. मूळ दावा गोलरेषेचा आणि पुरावा तिथून पंचवीस-तीस यार्ड दूरचा. गंमत म्हणजे त्याच सामन्यात, पहिल्या अर्धाच्या शेवटी, लायन्स खरोखर गोलरेषेपाशी होते. तिथे कॅम्पबेल यांनी २१ यार्डांची किक मारून तीन गुण घेतले आणि २४–७ केले. म्हणजे मजकुराचा सल्ला नेमका जिथे लागू होता तिथे त्यांनी तो पाळला होता, आणि तरी हरले. हे कोणी लिहीत नाही.

यादीतलं दुसरं नाव मात्र मला खरंच खुपतं. २ ऑक्टोबर २०२२, बाल्टिमोर. रेव्हन्स आणि बिल्स २०–२० बरोबरीत, वेळ चार मिनिटांच्या थोडा वर, चौथा डाउन, २ यार्ड. रेव्हन्सचे कोच जॉन हार्बॉ यांनी किक नाकारली. लमार जॅक्सनचा पास बिल्सच्या जॉर्डन पॉयरनं एंड झोनमध्ये पकडला, म्हणून टचबॅक होऊन चेंडू २ ऐवजी २० यार्डांवर आला. बिल्सनी तिथून घड्याळ संपवत नेलं आणि शेवटच्या चेंडूवर फील्ड गोल मारून २३–२० असा सामना खिशात घातला. वर मी जागेचं जे कौतुक केलं ते त्या एका पासनं पुसून टाकलं. तेव्हा इतकं मान्य: गोलरेषेपाशी चौथा डाउन खेळायचा असेल तर एंड झोनमध्ये चेंडू हरवण्याचा धोका हिशोबात धरलाच पाहिजे, आणि बरोबरीच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटांत, तीन गुणांची आघाडी ही पहिल्या सत्रातल्या तीन गुणांपेक्षा जड असते. हार्बॉ यांचा निर्णय वेडेपणाचा नव्हता, पण त्या क्षणी किक मारली असती तर मीही बोट दाखवलं नसतं.

आता दुसरी यादी, जी कोणी फिरवत नाही. २४ जानेवारी २०२१, ग्रीन बे, पुन्हा एनएफसीचा अंतिम सामना. पॅकर्स टँपा बेच्या मागे, २३–३१. चौथा डाउन, ८ यार्ड, घड्याळात दोन मिनिटं आणि काही सेकंद. पॅकर्सचे कोच मॅट लाफ्लर यांनी तीन गुण घेतले. २६–३१. आठ गुणांनी मागे असताना टचडाउन हवं होतं, पाच गुणांनी मागे असतानाही टचडाउनच हवं होतं! बदललं ते एवढंच, की चेंडू आपल्या हातानं टँपा बेचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या स्वाधीन केला. प्रयत्न फसला असता तर तोच ब्रेडी स्वतःच्या ८ यार्डांवर अडकला असता. पॅकर्सकडे तिन्ही टाइमआउट होते, तरी चेंडू त्यांना परत दिसलाच नाही.

आणि ११ फेब्रुवारी २०२४, लास व्हेगास, ५८वा सुपर बोल, जादा वेळ. फोर्टीनायनर्सना चौथा डाउन, ४ यार्ड हवे, चेंडू ९ वर. त्यांनी तीन गुण घेतले, २२–१९. नव्या नियमानं चीफ्सना एक संधी मिळणारच होती, आणि आता त्यांना नेमकं किती हवंय ते कळलं होतं. तीन गुणांच्या आत थांबायचंच नाही म्हटल्यावर त्यांनी वाटेत स्वतःचा चौथा डाउन खेळून काढला आणि टचडाउननं २५–२२ जिंकले. चार यार्डांची गोष्ट दोन यार्डांपेक्षा अवघड आहे, त्यामुळे कोच काइल शॅनहान यांना मी दोष देणार नाही. पण यादी करायचीच तर दोन्हींकडची करा. 'तीन घेतले आणि सामना गेला' हे वाक्य कोणाला सुचतच नाही, कारण किक खांबांतून गेली की फलकावर काहीतरी चढतं आणि डोळ्याला बरं वाटतं.

पाचवं कारण: 'जुने जाणते कोच असा आचरटपणा करत नव्हते.'

बहुतेक करत नव्हते, हे रोमर यांनीही नोंदवलंय. त्यांनी तपासलेल्या सामन्यांत पहिल्या सत्रात, चौथा डाउन आणि २ यार्ड, अशी वेळ नऊदा आली. नऊच्या नऊ वेळा किक. पण नऊ जणांनी एकच गोष्ट केली म्हणून ती बरोबर ठरत नाही. किक मारून हरलेल्या कोचला कोणी जाब विचारत नाही, खेळून हरलेल्याची सोमवारी सकाळपर्यंत सालटी निघतात. नोकरी सांभाळायची तर माणूस कुठला पर्याय घेईल? हा मजकूर दरवर्षी फिरवणारे आपणच तर ती सालटी काढतो.

शिवाय सगळ्यात जुन्या जाणत्याचं काय? ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, उणे २५ अंश सेल्सिअस. पॅकर्स १४–१७ मागे, १६ सेकंद, गोलरेषा दोन हातांवर, टाइमआउट एकही शिल्लक नाही. डाउन तिसरा होता, पण अडवले गेले असते तर वेळ तिथेच संपली असती. फील्ड गोलनं बरोबरी साधून जादा वेळेत जाता आलं असतं. कोच व्हिन्स लोंबार्डी यांनी क्वार्टरबॅक बार्ट स्टारला चेंडू घेऊन घुसू दिलं. २१–१७. ज्यांच्या नावाचा करंडक सुपर बोलच्या विजेत्याला देतात, ते हेच लोंबार्डी.

मजकूर कुठे बरोबर ठरतो, तेही सांगून टाकतो. माझा सगळा युक्तिवाद फसल्यानंतर चेंडू कुठे पडतो यावर उभा आहे. फसल्यानंतर खेळच उरत नसेल, तर तो युक्तिवादही उरत नाही. ३० जानेवारी २०२२, एएफसीचा, म्हणजे लीगच्या दुसऱ्या गटाचा, अंतिम सामना. चीफ्स २१–१० पुढे, पहिल्या अर्धाचे ५ सेकंद उरलेले, चेंडू १ यार्डावर. डाउन दुसराच होता, पण घड्याळानं त्याचा चौथा करून ठेवला होता. त्यांनी टायरीक हिलकडे आखूड पास टाकला, हिलला रेषेआधीच आडवं केलं आणि अर्ध संपला. बेंगल्स स्वतःच्या १ यार्डावर अडकले वगैरे काही नाही, सगळे सरळ ड्रेसिंग रूममध्ये गेले. पुढे जादा वेळेत बेंगल्स २७–२४ जिंकले. तेव्हा आमच्या दिवाणखान्यात 'अरे, तीन घ्या, तीन!' म्हणून ओरडणारा मी होतो, आणि 'गप रे, टचडाउन होतंय' म्हणणारे ते मजकूरवाले काका.