वृक्षतोड, जंगलतोड आणि लाकडावरचा शिक्का

फर्निचर, वह्या, कागदी पिशव्या अशा वस्तूंवर दिसणाऱ्या 'शाश्वत जंगला'च्या शिक्क्याबद्दल एक संदेश सध्या मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : "झाड तोडल्यावर जंगल शाश्वत राहीलच कसे? हा शिक्का पैसे मोजले की कोणालाही मिळतो. जंगलात कोणी पाऊल टाकत नाही, कागद पाहूनच प्रमाणपत्र दिले जाते. 'मिक्स' लिहिलेल्या मालात तर काहीही कालवलेले असते. तेव्हा शिक्क्याचे लाकूड आणि बिनशिक्क्याचे लाकूड यांत काडीचाही फरक नाही." हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना जंगलांविषयी मनापासून कळकळ आहे, याबद्दल मला शंका नाही. पण यातली काही विधाने साफ चुकीची आहेत आणि काही अर्धी खरी आहेत, आणि या अर्ध्या खऱ्या विधानांकडे जास्त बारकाईने पाहायला हवे.

पहिल्या विधानात वृक्षतोड आणि जंगलतोड हे दोन शब्द एकच मानले गेले आहेत. झाड तोडले आणि ती जमीन जंगलच राहिली, तर तिथे पुन्हा वाढ होते. जंगल साफ करून तिथे शेत, कुरण किंवा मळा आला, तर ते जंगल कायमचे गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या उपग्रहाधारित सर्वेक्षणानुसार २००० ते २०१८ या काळात जगात झालेल्या जंगलतोडीपैकी जवळजवळ ९० टक्के जंगलतोड शेती आणि चराईसाठी जमीन मोकळी करण्यामुळे झाली. प्रमाणनाचा, म्हणजे असा शिक्का देण्याच्या पद्धतीचा, मूळ नियम असा की जंगल दीर्घकाळात जेवढे वाढते, त्यापेक्षा जास्त लाकूड त्यातून काढायचे नाही. उष्ण कटिबंधातील एखाद्या प्रमाणित जंगलात हे कसे दिसते, ते पाहू. तोडीआधी झाडांची मोजणी होऊन तोडायच्या आणि राखायच्या झाडांचा नकाशा तयार होतो. झाडाझाडांना बांधून ठेवणाऱ्या जाड वेली काही महिने आधीच कापल्या जातात, कारण तसे न केल्यास एक झाड पडताना शेजारची चार झाडे ओढून पाडते. झाड कोणत्या दिशेला पाडायचे आणि ओंडका कोणत्या वाटेने ओढून न्यायचा हे आधी ठरते, आणि ओढ्याकाठचा पट्टा वगळला जातो. नैसर्गिक जंगल साफ करून केलेल्या लागवडीला शिक्का मिळत नाही. या शिक्क्यांच्या दोन मोठ्या व्यवस्थांपैकी पीईएफसी या व्यवस्थेत त्यासाठीची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०१० ही आहे, म्हणजे त्यानंतर जंगल साफ केले असेल तर शिक्का नाही. फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, या व्यवस्थेत ती पूर्वी नोव्हेंबर १९९४ होती. ती आता ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली आहे, मात्र मधल्या काळात साफ केलेल्या जमिनीसाठी झालेल्या हानीची भरपाई करण्याची अट घातली आहे. ही सवलत मला पटलेली नाही. पण तिच्यावर टीका करायची तर आधी असा नियम आहे हे माहीत असावे लागते.

शिक्का पैशांनी मिळतो, या विधानात खरा भाग एवढाच की तपासणीचा खर्च ज्याची तपासणी व्हायची तोच देतो. हितसंबंधांचा हा पेच खराच आहे. तो आवरण्यासाठी कामाची विभागणी केलेली असते. १९९२ च्या रिओ परिषदेत जंगलांविषयी बंधनकारक करार होऊ शकला नाही, आणि पुढच्याच वर्षी पर्यावरणवादी, सामाजिक संघटना व व्यापारी यांनी एकत्र येऊन एफएससी स्थापन केली. तिच्या सर्वसाधारण सभेत पर्यावरण, सामाजिक आणि आर्थिक असे तीन गट आहेत व प्रत्येकाच्या मताचे वजन एक तृतीयांश आहे, त्यामुळे लाकूड कंपन्यांना एकट्याने नियम बदलता येत नाहीत. ही संस्था नियम ठरवते, प्रमाणपत्र स्वतः देत नाही; ते काम स्वतंत्र तपासणी संस्था करतात, आणि त्या संस्थांच्या कामावर आणखी एक अधिस्वीकृती संस्था देखरेख ठेवते. १९९९ साली सुरू झालेली पीईएफसी देशोदेशींच्या प्रमाणन योजनांना मान्यता देते. एफएससीच्या तपासणीत गंभीर त्रुटी आढळली, तर ती साधारणपणे तीन महिन्यांत दूर करावी लागते, अन्यथा प्रमाणपत्र निलंबित होते. आणि जंगलाच्या तपासणी अहवालाचा सारांश कोणालाही वाचता येतो.

तरीही मी या व्यवस्थेची सरसकट पाठराखण करणार नाही. एफएससीने २००७ साली एशिया पल्प अँड पेपर या कंपनीशी आणि २०१७ साली ऑस्ट्रियातील होल्त्सइंडुस्ट्री श्वाइगहोफर या कंपनीशी संबंध तोडले, म्हणजे मोठ्या कंपन्यांनाही बाहेर काढले जाते हे खरे. पण श्वाइगहोफरच्या प्रकरणात तक्रार नेहमीच्या तपासणीतून पुढे आली नव्हती, ती एका पर्यावरण संघटनेने केली होती. ग्रीनपीस इंटरनॅशनल या पर्यावरण संघटनेनेही २०१८ साली एफएससीचे सदस्यत्व सोडले. कोणत्या जंगलाला कोणता तपासनीस हे वनमालकाने न ठरवता सामायिक निधीतून तिसऱ्याच कोणी ठरवावे, असे मला वाटते. तपासनीस वनमालकाच्या निवडीचा आणि त्याच्याच पैशावरचा असतो, या आक्षेपाला दम आहे; 'पैसे दिले की शिक्का' या वाक्याला नाही.

जंगलात कोणी जात नाही, हा समज बहुधा दोन वेगळ्या प्रमाणपत्रांच्या घोळातून आला आहे. एक प्रमाणपत्र जंगलाच्या व्यवस्थापनाचे असते. ते पाच वर्षांसाठी असते, दरवर्षी पुन्हा तपासणी होते, आणि त्यासाठी तपासनीस तोडीच्या जागी जातात, मजुरांशी आणि आसपासच्या लोकांशी बोलतात. प्रत्येक झाड ते पाहत नाहीत, नमुन्यादाखल जागा निवडतात. दुसरे प्रमाणपत्र ताब्याच्या साखळीचे असते : ओंडका जंगलातून गिरणीत, तिथून कारखान्यात, तिथून व्यापाऱ्याकडे जाताना प्रत्येक टप्प्यावर तो प्रमाणितच राहिला का, हे त्यात पाहतात. ही तपासणी मुख्यतः कागदांची असते आणि ती तशीच असायला हवी. समजा, एका गिरणीने वर्षभरात १०० घनमीटर प्रमाणित ओंडके घेतले. कापताना भुसा, साल आणि तुकडे जाऊन साधारण निम्म्या घनमापाच्या फळ्या निघतात, असे तिच्याच नोंदी सांगतात. मग विक्रीच्या बिलांवर ७० घनमीटर प्रमाणित फळ्या दिसल्या, तर वरचे २० घनमीटर कुठून आले, या प्रश्नाचे उत्तर त्या गिरणीला द्यावे लागते. बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मालाचा दर्जा लिहिलेला नसेल, तर माल कितीही चोख असला तरी साखळी तिथेच तुटते.

या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवाही इथेच आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखच नाही. गिरणीचा तपासनीस गिरणीच्या वह्या पाहतो. विकणाऱ्याची नोंद आणि घेणाऱ्याची नोंद आपोआप एकमेकींशी ताडून पाहिली जात नाही. दोघांच्या आकड्यांत तफावत असली, तर ती वेगवेगळ्या तपासण्यांच्या फटीतून निसटू शकते. संशयास्पद व्यवहारमालिकांत दोन्ही बाजूंच्या नोंदी मागवून जुळवण्याची आणि लाकडाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून त्याची जात व मूळ प्रदेश पडताळण्याची पद्धत आता वापरात आहे, पण ती अजून नियम झालेली नाही. जागरूक ग्राहकांनी आवाज उठवायचा तर तो यासाठी उठवावा.

'मिक्स'मध्ये काहीही कालवलेले असते, हे खरे नाही. एफएससीचे तीन शिक्के आहेत : संपूर्ण प्रमाणित जंगलातले, पुनर्वापरातले आणि मिश्र. मिश्र मालातल्या अप्रमाणित लाकडालाही पाच गोष्टी वर्ज्य आहेत : बेकायदा तोड, पारंपरिक व मानवी हक्कांचे उल्लंघन, विशेष संवर्धनमूल्य असलेल्या जंगलाला धोका, नैसर्गिक जंगलाचे लागवडीत किंवा अन्य वापरात रूपांतर, आणि जनुकीय बदल केलेली झाडे. मात्र खात्यावर जमा-नावे मांडण्याची एक पद्धत यात मान्य आहे. या पद्धतीनुसार कारखाना जेवढा प्रमाणित कच्चा माल घेतो, तेवढ्या प्रमाणात मालावर शिक्का मारू शकतो, मग हातातल्या नेमक्या फळीत प्रमाणित लाकूड असो वा नसो. ग्राहकाला हे शिक्क्यावरून कळत नाही, आणि ते कळायला हवे.

राहिला 'काडीचाही फरक नाही' हा निष्कर्ष. गॅबन आणि काँगो प्रजासत्ताक या देशांतील लाकूडतोडीच्या १४ क्षेत्रांत, ७ प्रमाणित आणि ७ अप्रमाणित, ४७४ स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०२४ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर किलोंपेक्षा जड सस्तन प्राणी, ज्यांत हत्ती येतात, प्रमाणित क्षेत्रांत २.७ पट अधिक वेळा टिपले गेले. तोड संपल्यावर जुने रस्ते बंद करणे, फाटकांवर गाड्या तपासणे आणि मजुरांसाठी मांसाची वेगळी सोय करणे अशा उपायांनी शिकारीला आळा बसतो. उलट मेक्सिकोत झालेल्या एका अभ्यासात प्रमाणनामुळे जंगलतोड घटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे फरक पडतो, पण तो सगळीकडे सारखा पडत नाही.

एखाद्या वस्तूपुरता हा फरक तपासायचा असेल, तर शिक्क्यावरचा 'सी' अक्षर आणि सहा अंकांचा क्रमांक एफएससीच्या खुल्या नोंदवहीत घालून पाहावा. तिथे प्रमाणपत्रधारकाचे नाव, प्रमाणपत्र चालू, निलंबित की रद्द, आणि ते कोणत्या मालासाठी आहे हे दिसते. शिक्का खुर्चीवर असेल आणि नोंदीत फक्त कागद दिसत असेल, तर तो शिक्का खोटा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याची तक्रार कोणताही ग्राहक करू शकतो.