सांधे जितके कडक तितकी भिंत मजबूत, हा समज चुकीचा का आहे

उघड्या विटकामाच्या जुन्या भिंतींची डागडुजी कशी करावी, यासंबंधी एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: विटांमधल्या सांध्यातील जुना मसाला खिळ्याने खरवडला आणि भुगा पडला, तर तो मेलेला समजावा, तो ग्राइंडरने कापून काढावा, त्या जागी एकास एक प्रमाणात सिमेंट आणि वाळूचा कडक मसाला भरावा, म्हणजे भिंत मजबूत होते आणि ओल कायमची थांबते, सांध्याला आकार कोणता द्यायचा हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, आणि शेवटी वरून पाणीरोधक द्रावणाचे दोन हात मारले की त्या भिंतीकडे पुन्हा पाहावे लागत नाही. या प्रत्येक विधानात तथ्याचा एखादा अंश आहे, म्हणूनच ते वाचणाऱ्याला पटते. मात्र त्याप्रमाणे केलेल्या कामातून होणारे नुकसान सहसा भरून काढता येत नाही. सांधा बिघडला तर तो पुन्हा भरता येतो. दर्शनी तोंड गेलेली वीट दुरुस्त होत नाही. त्यामुळे हे मुद्दे सविस्तर तपासणे आवश्यक आहे.

प्रथम मजबुतीविषयी. भिंतीवर येणारे वजन प्रामुख्याने विटा पेलतात. मसाल्याचे काम ते वजन एका थरावरून दुसऱ्या थरावर सारखे पसरवण्याचे आणि विटांच्या आकारातील कमीजास्तपणा सामावून घेण्याचे असते. विटकामाची दाबशक्ती, म्हणजे वजनाचा दाब सहन करण्याची क्षमता, काढण्यासाठी युरोकोड 6 या विटकामाच्या युरोपीय मानकात जे सूत्र दिले आहे, त्यात विटेच्या दाबशक्तीचा 0.7 वा घात आणि मसाल्याच्या दाबशक्तीचा 0.3 वा घात घेतला जातो. याचा व्यवहारातील अर्थ असा की विटेची ताकद दुप्पट केली तर भिंतीची ताकद सुमारे 62 टक्क्यांनी वाढते, पण मसाल्याची ताकद दुप्पट केली तर ती केवळ 23 टक्क्यांच्या आसपास वाढते. हा हिशेबसुद्धा ज्या भिंतीच्या पूर्ण जाडीत तोच मसाला आहे तिचा आहे. जुन्या भिंतीचे सांधे भरताना आपण 230 मिलिमीटर जाडीच्या भिंतीत बाहेरचा जेमतेम 20 मिलिमीटरचा पट्टा बदलत असतो, आणि तेवढ्याने भिंतीची वजन पेलण्याची शक्ती वाढत नाही. उलट मागचा मसाला मऊ आणि पुढची कड दगडासारखी टणक अशी स्थिती झाली की भिंत थोडी जरी दबली, तरी मागच्या भागाने वाटून घ्यायचे वजन त्या पुढच्या पट्ट्यावर एकवटते आणि विटांच्या कडांचे टवके उडू लागतात.

ओलीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि सर्वांत मोठी गफलत तिथेच होते. पावसाचे पाणी विटकामात शिरते ते बहुतांशी विटेच्या किंवा मसाल्याच्या अंगातून शिरत नाही. वीट आणि मसाला जिथे एकमेकांना चिकटतात तिथल्या केसाएवढ्या फटीतून शिरते. सिमेंटचे प्रमाण जितके जास्त, तितका मसाला वाळताना जास्त आकसतो. एकास एक प्रमाणाचा मसाला स्वतः जवळजवळ पाणी न शोषणारा असला, तरी आकसल्यामुळे तो विटेच्या कडेपासून सुटतो. विटा ऊन-थंडीने आणि ओल-कोरडेपणाने रोज थोड्या हलत असतात; मऊ मसाला त्या हालचालीबरोबर स्वतःला जुळवून घेतो, कडक मसाल्याला ते जमत नाही, आणि सुटलेली फट रुंदावत जाते. अशा फटीत पाणी ओढले जाते ते केशाकर्षणाने, म्हणजे त्यासाठी जोराचा पाऊसही लागत नाही.

आत गेलेले हे पाणी बाहेर कोठून पडणार, हा प्रश्न त्या मजकुरात विचारलेलाच नाही. विटेची दर्शनी बाजू 215 बाय 65 मिलिमीटर आणि सांधा 10 मिलिमीटर धरला, तर भिंतीच्या दर्शनी क्षेत्रफळापैकी सुमारे 17 टक्के जागा सांध्यांची असते. चुन्याच्या मसाल्याने बांधलेल्या भिंतीत ओल बाहेर पडण्याचा आणि सुकण्याचा मुख्य मार्ग हीच जागा असते. ती सिमेंटने बंद केली की ओल विटेच्या तोंडातून बाहेर पडू लागते आणि पाण्यात विरघळलेले क्षारही तिच्याबरोबर तिथे येतात. पाणी उडून जाते, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात, आणि विटेचे पापुद्रे सुटतात. जिथे गोठवणारी थंडी पडते तिथे भर म्हणून बर्फाचा दाब येतो, कारण पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. कडक सिमेंटने सांधे भरलेली मऊ विटांची जुनी भिंत काही वर्षांनी जवळून पाहावी: विटांची तोंडे झडून आत गेलेली असतात आणि सांध्यांची करडी जाळी मात्र जशीच्या तशी पुढे उभी असते. हे पाहून ‘विटाच निकृष्ट होत्या’ असा निष्कर्ष काढला जातो. त्याच विटा त्याआधी दीर्घकाळ शाबूत होत्या, हे लक्षात घेतले जात नाही.

यासाठीच सांध्याचा मसाला विटेपेक्षा मऊ आणि ओल सोडणारा असावा, हा नियम जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करणाऱ्या सर्व जबाबदार संस्था सांगतात. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या सांधेविषयक मार्गदर्शिकेतही तो स्पष्ट शब्दांत आहे. झिजायचेच असेल तर सांध्याने झिजावे, कारण तो बदलता येतो. मसाल्यासाठीच्या एएसटीएम सी270 या अमेरिकी मानकात सर्वांत कडक ‘एम’ प्रकारच्या मसाल्याची किमान दाबशक्ती 17.2 मेगापास्कल, मध्यम ‘एन’ची 5.2 आणि मऊ ‘ओ’ची 2.4 मेगापास्कल दिली आहे. कडक मसालाच सर्वत्र चांगला असता, तर बाकीचे प्रकार ठेवण्याचे कारणच उरले नसते. भट्टीत चांगल्या पक्क्या भाजलेल्या, घट्ट विटांच्या कामात, जमिनीलगतच्या थरांत किंवा उघड्या कठड्याच्या माथ्यावर कडक मसाल्याला जागा आहे, आणि ते मान्य करायला हरकत नाही. सर्वसाधारण नव्या भिंतीला सिमेंट, चुना आणि वाळू यांचे 1:1:6 हे प्रमाण पुरते. त्याहून मऊ विटांना 1:2:9 चालते. आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला चुन्याचाच मसाला द्यावा. वाळू मात्र कोणत्याही प्रमाणात धुतलेली, मातीविरहित आणि लहानमोठ्या कणांची असावी, कारण सारख्याच बारीक कणांच्या वाळूचा मसाला अधिक आकसतो.

जुना मसाला खिळ्याने खरवडला जातो म्हणून तो मेलेला आहे, हे विधान चुन्याच्या स्वभावाशी जुळत नाही. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही सिमेंटच्या मानाने मऊच राहतो. त्यातील थोडा चुना ओलीत विरघळून बारीक भेगांत पुन्हा बसतो, त्यामुळे केसाएवढ्या भेगा काही अंशी आपोआप बुजतात. जुन्या मसाल्यात पांढऱ्या चुन्याचे लहान खडे दिसले, तर भिंत चुन्यात बांधली आहे हे ओळखावे. सांधा बदलण्याची वेळ केव्हा आली हे ठरवण्यासाठी मऊपणापेक्षा झीज पाहावी: मसाला बोट लावताच गळत असेल, किंवा सांधा त्याच्या रुंदीइतका आत गेला असेल, तर भरावा. बाकीच्या भिंतीला हात लावू नये. सगळी भिंत एकसारखी दिसावी एवढ्यासाठी शाबूत सांधे उकरणे हे माझ्या मते या कामातील सर्वांत महागडे चुकीचे पाऊल आहे.

आता ग्राइंडर. त्या मजकुरात वेळेची बचत हे एकच कारण दिले आहे, आणि वेळ खरोखर वाचतो. मात्र भूमितीचा विचार कोणी करत नाही. 100 मिलिमीटर व्यासाचे पाते भिंतीत 20 मिलिमीटर आत घातले, तर सर्वांत खोल बिंदूपासून दोन्ही बाजूंना सुमारे 40 मिलिमीटरपर्यंत ते पृष्ठभाग कापत असते. आडव्या सांध्यात त्याला मोकळी लांबी मिळते. उभा सांधा मात्र एका विटेच्या उंचीएवढाच, म्हणजे 65 ते 90 मिलिमीटरचा असतो. त्याच्या टोकापर्यंत पूर्ण खोलीने कापायचे, तर पात्याला टोकाच्या पुढे 40 मिलिमीटर जावे लागते. त्यातले 10 मिलिमीटर आडव्या सांध्यात जातात आणि उरलेले 30 मिलिमीटर वरच्या किंवा खालच्या विटेच्या तोंडावर कायमचा काप बनून राहतात. हे गवंड्याच्या हलगर्जीपणाने घडत नाही. पात्याचा आकारच तसा आहे. म्हणून उभे सांधे अरुंद छिन्नीने आणि हलक्या हातोडीनेच काढावेत. आडव्या सांध्यात अतिशय कडक सिमेंट असेल आणि काम करणारा हात कसलेला असेल, तर सांध्याच्या मधोमध एक काप घेऊन कडेचा मसाला छिन्नीने मोकळा करणे समजण्यासारखे आहे. विटेच्या कडेला पाते लागता कामा नये. शिवाय कोरड्या कापण्यातून उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि तिने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा आजार होतो. योग्य मास्कशिवाय आणि धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राशिवाय हे काम कोणालाही करू देऊ नये.

किती खोल काढावे याविषयी तो मजकूर गप्प आहे, आणि प्रत्यक्षात बहुतेक कामे तिथेच फसतात. सांध्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोली हवी, म्हणजे 10 मिलिमीटरच्या सांध्याला 20 ते 25 मिलिमीटर. वरवर खरवडून थापलेला पातळ थर, मसाला कितीही चांगला असला, तरी पापुद्र्यासारखा सुटतो. पोकळी चौकोनी काढावी, धूळ झटकून धुवावी आणि विटा भिजवाव्यात. भरण्याच्या वेळी विटा आतून ओलसर पण वरून निथळलेल्या असाव्यात, कारण कोरडी वीट मसाल्यातील पाणी ओढून घेते आणि वर पाणी साचलेल्या विटेला मसाला धरत नाही. सिमेंट असलेला मसाला एकदम पातळ कालवू नये. आधी इतकेच पाणी घालावे की मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल; तसाच तासभर ठेवून मग उरलेले पाणी घालावे. असा मुरलेला मसाला कमी आकसतो. खोल जागा एकाच वेळी न भरता थरांनी भराव्यात, प्रत्येक थर दाबून बसवावा आणि तो थोडा आवळल्यावर पुढचा द्यावा.

सांध्याचा आकार आवडीचा प्रश्न असल्याचे विधान घराच्या आतील भिंतीपुरते खरे आहे. पाऊस लागणाऱ्या भिंतीवर आकाराचा थेट परिणाम होतो. गोल सळईने दाबून केलेला अंतर्गोल सांधा आणि व्ही आकाराचा सांधा हे दोन्ही पाणी रोखण्यात सरस ठरतात, आणि त्याचे कारण केवळ उतार नाही. सळईच्या दाबाने मसाला दाट होतो आणि विटेच्या दोन्ही कडांवर घट्ट बसतो, म्हणजे जिथून पाणी शिरते तीच फट बुजते. याउलट सावलीच्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून आत खोल ठेवलेला सांधा प्रत्येक विटेच्या माथ्यावर एक लहान कट्टा तयार करतो आणि त्यावर पाणी थांबते. खालची कड आत दाबून वरची पुढे ठेवलेल्या सांध्यातही तेच घडते. उतार उलटा, म्हणजे वरची कड आत आणि खालची विटेच्या बरोबर, असा असेल तर पाणी निथळते. विटेच्या तोंडावर पसरवून रुंद केलेला सांधा सर्वांत वाईट, कारण त्याच्या पातळ कडा पहिल्या सुटतात आणि मागे पाणी धरून ठेवतात.

आकार देण्याची वेळही आकाराइतकीच महत्त्वाची आहे. अंगठा दाबल्यावर ठसा उमटावा पण मसाला अंगठ्याला चिकटू नये, ही ती वेळ. त्याआधी सळई फिरवली तर सिमेंटची पातळ साय वर येते आणि वाळताना तिला बारीक भेगा पडतात. उशीर केला तर लोखंड घासून सांधे काळे पडतात आणि मसाला दाबलाही जात नाही. नवी भिंत बांधताना हा आकार त्याच दिवशी, त्याच मसाल्यात द्यावा. आधी सांधे उकरून ठेवायचे आणि नंतर वेगळ्या मसाल्याने भरायचे, ही पद्धत नव्या कामात विनाकारण एक जोड निर्माण करते.

पाणीरोधक द्रावणाबद्दल थोडक्यात. असे द्रावण उघड्या फटी बुजवत नाही, त्यामुळे सदोष सांध्यांवर ते मारले तरी पाणी आत जाते. आणि आत गेलेले पाणी सुकताना क्षार द्रावणाच्या थरामागे अडकतात, जिथे त्यांचे नुकसान अधिक खोल होते. चांगल्या भरलेल्या सांध्यांना बहुधा त्याची गरज नसते. गरज असते ती पाणी मारण्याची: सिमेंट असलेल्या सांध्यांना किमान 7 दिवस ओल मिळाली पाहिजे, आणि चुन्याच्या सांध्यांना त्याहून अधिक काळ ओले गोणपाट लावून, ऊन-वाऱ्यापासून आडोसा करून हळूहळू सुकू दिले पाहिजे.

ज्यांनी तो मजकूर वाचून काम आधीच करून घेतले आहे, त्यांनी घाईने सगळे सिमेंट उकरायला लावू नये. घट्ट चिकटलेले कडक सांधे काढताना विटांच्या कडा जातात, म्हणजे दुरुस्तीचेच दुसरे नुकसान होते. सांध्यांवर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकावे. जिथे पोकळ आवाज येतो किंवा कडेला फट दिसते तिथला मसाला सुटलेला असतो आणि छिन्नीने सहज निघतो. तेवढाच काढून योग्य मसाल्याने भरावा. उरलेला भाग पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहत राहावा, आणि विटांची तोंडे झडताना दिसली तरच पुढचा भाग हाती घ्यावा.