ते युद्ध गैरसमजातून झालं नव्हतं

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१–६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) दोन सैनिक भावांची गोष्ट सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. माझी भाची ती वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करायला बसली, म्हणून हे लिहावं लागतंय.

गोष्ट अशी. उत्तरेचा सैनिक रात्री एका जखमी शत्रूला ओढून आणतो. कंदिलाच्या उजेडात दिसतं की तो त्याचाच धाकटा भाऊ, आणि मेलेला. खिशात आईला लिहिलेलं पत्र आणि एका धूनेचे सूर. तीच धून आज अमेरिकी सैनिकांच्या अंत्यविधीला बिगुलावर वाजते. पुढे म्हटलंय की सैनिक बहुतेक निरक्षर होते, पत्रं अधिकारी लिहून देत आणि सरकार ती तपासत असे. शेवटी तात्पर्य: भावांचं एकमेकांवर प्रेम होतं, म्हणजे युद्ध नुसत्या गैरसमजातून झालं, गुलामगिरीचं कारण मागाहून चिकटवलं.

आधी धून. इंग्रजीत हीच गोष्ट कॅप्टन एलिकोम्ब आणि त्याच्या मुलाची म्हणून सांगतात, पण या नावाचा कॅप्टन उत्तरेच्या फौजेच्या दप्तरात सापडत नाही. अंत्यविधीची ती धून, ‘टॅप्स’, उत्तरेच्या जनरल बटरफील्डने जुलै १८६२ मध्ये व्हर्जिनियातल्या छावणीत बिगुलाच्या एका जुन्या धुनेवरून बेतली. त्याचा बिगुलवाला ऑलिव्हर नॉर्टन याने १८९८ मध्ये लिहिलंय की साहेबाने पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले सूर दाखवले आणि मनासारखे होईपर्यंत वाजवून घेतले. विषय संपला.

भाऊ समोरासमोर आले, हे मात्र मान्य करायला हवं. जेम्स आणि अलेक्झांडर कॅम्पबेल हे स्कॉटलंडहून आलेले भाऊ. जून १८६२ मध्ये दक्षिणेच्या साउथ कॅरोलिना राज्यात, चार्ल्सटनजवळ सेसेशनव्हिलच्या लढाईत अलेक्झांडर हल्ला करणाऱ्या उत्तरेच्या पलटणीत होता आणि जेम्स दक्षिणेकडून तटबंदीच्या आत. कैद्यांकडून हे कळल्यावर जेम्सने भावाला पत्र लिहिलं. ते शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेलं आहे, तेव्हा कुणा अधिकाऱ्याने लिहून दिलं असेल असं वाटत नाही. त्यात तो म्हणतो की आपली पुन्हा रणांगणावर गाठ न पडो. पण पडलीच, तर तू तुझ्या पक्षाशी इमान राख, मी माझ्या पक्षाशी राखीन.

यात गैरसमज कुठे आहे? माया होती आणि पक्षही ठाऊक होता. तो पक्ष काय होता, हे साउथ कॅरोलिनाने डिसेंबर १८६० मध्ये अमेरिकेतून फुटताना आपल्या जाहीरनाम्यातच सांगितलं: उत्तरेची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत आणि गुलामगिरीला पाप म्हणतात. युद्धाच्या आधी स्वतःच्या हाताने लिहिलेलं कारण मागाहून चिकटवलेलं कसं असेल? देशात तेव्हा जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती. त्या गोष्टीत त्यांच्यातलं एकही नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

भावांचीच पत्रं हवीत ना? मग गुलामीतून निसटून गुलामगिरीविरुद्ध लढलेले पुढारी फ्रेडरिक डग्लस यांची मुलं लुईस आणि चार्ल्स घ्या. दोघं उत्तरेच्या फौजेतल्या, कृष्णवर्णीयांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झाले. चार्ल्स आजारी पडून मागे राहिला. त्याच चार्ल्सटनच्या तोंडाशी, वॅगनर किल्ल्यावर १८ जुलै १८६३ रोजी हल्ला झाला. दोन दिवसांनी लुईसने होणाऱ्या बायकोला लिहिलं की तोफगोळा फुटला की वीस फूट जागा मोकळी होई आणि आमची माणसं पुन्हा भिडून उभी राहत. मेलो तर चांगल्या कामासाठी मेलो असं समज, असंही त्याने लिहिलं. पुण्यात बसून जोतीराव फुल्यांना हे काम कळलं होतं. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली.

बाकीचं थोडक्यात. सर्रास सेन्सॉरशिप त्या युद्धात नव्हती. कैद्यांची पत्रं तेवढी वाचली जात. उत्तरेचे ९० टक्क्यांहून अधिक गोरे सैनिक साक्षर होते, दक्षिणेचे ८० टक्क्यांहून अधिक. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यावं लागे ते मुख्यतः गुलामीतून सुटून फौजेत आलेल्यांना, कारण दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहायला शिकवणं हाच गुन्हा होता.